खाडाखोड बघायला जाते मी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'बुद्ध' या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, सगळे खंड घरात असताना त्यातलीच मूळ पानं प्रदर्शनात काचेआड बघायला ही तिकीट काढून कशाला जाते, हा प्रश्न मला नवऱ्यापासून पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. पुस्तकात तेच तर छापलंय!

तेच नसतं. मला ते 2011च्या मे महिन्यात कळलं. जपानमधल्या मोठ्या भूकंपाला दोन महिने होत आले होते. वीज वाचवायची म्हणून तोक्योच्या स्टेशनांवर निम्मे दिवे बंद असायचे आणि घरून रोज फोन यायचा, परत ये म्हणून. त्या दिवसांत तोक्योतल्याच उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांगाकार ओसामु तेझुकांच्या 'बुद्ध'चं प्रदर्शन लागलं होतं. बुद्धाचं चरित्र जुन्या मूर्तींमधून आणि मांगाच्या मूळ पानांमधून, दोन्ही एकाच दालनात. 1972 ते 1983, अकरा वर्षं तेझुका ही गोष्ट काढत होते. भुकेल्या म्हाताऱ्याला द्यायला काही मिळालं नाही म्हणून स्वतःच आगीत उडी घेणारा ससा तिच्या सुरुवातीलाच भेटतो. जातककथेत त्याला पुढे चंद्रावर जागा मिळते. आजी लहानपणी चंद्रावर ससा दाखवायची. तो तिथे कसा पोचला, हे मला इतक्या लांब येऊन कळलं.

तर ती पानं. माझ्याकडची पॉकेट आवृत्ती तळहातावर मावते. मूळ पानं त्याच्या कितीतरी पट मोठी. टाकाची रेघ सुरू होताना बारीक, वळणावर जाड, आणि सुटताना केसासारखी. काळ्या भागातली शाई सगळीकडे सारखी बसलेली नाही, ब्रशचे फटकारे दिसतात. संवादांचे फुगे हाताने लिहिलेले नाहीत. छापील अक्षरांच्या पट्ट्या कापून चिकटवल्यात आणि जुन्या डिंकाने कडा पिवळ्या पडल्यात.

एका चौकटीपाशी मी बराच वेळ थांबले. सिद्धार्थाचा चेहरा, डोळे मिटत आलेले. तिरकं वाकून पाहिलं तर पापणीवर पांढऱ्या रंगाचा खरवडीसारखा थर. त्याखाली आधीची पापणी, जराशी वर. म्हणजे डोळा आधी जास्त उघडा होता, आणि त्यांना तो इतका उघडा नको वाटला. मागे दुसरी मासिकं खोळंबलेली, संपादक तर त्यांच्याकडेच पानांची वाट बघत ठाण मांडून बसायचे, आणि हा माणूस एवढ्याशा पापणीसाठी परत टाक बुडवतो!

छपाईचा कॅमेरा फक्त काळं टिपतो. पांढरा लेप, डिंक, जोड, सगळं त्याच्या लेखी कोरा कागद. त्यामुळे पुस्तकात चित्र पोचतं, पण ते काढताना माणूस कुठे अडला ते मागेच राहतं. तेझुका तर पुस्तक करताना आपलीच मूळ पानं कापून चौकटी इकडच्या तिकडे चिकटवायचे. पान छापून आलं तरी त्यांच्या लेखी गोष्ट संपलेली नसायची. मला हे फार मोठं वाटतं. आणि उजेडाने कागद आणि शाई दोन्ही खराब होतात, म्हणून ही पानं थोडेच दिवस, मंद दिव्यांत लावतात. संधी आली की जावंच लागतं.

त्या रात्री घरी येऊन तोच खंड काढला, तीच चौकट शोधली आणि पापणीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत कागद. ती आधीची पापणी कुठेच नव्हती.