आबांची दुनळी माझ्या नावावर झाली तेव्हा

आमच्या चंदगड भागातून कोल्हापूरला जायचं म्हटलं की कुणीही गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल हाच रस्ता धरतो. मधला संकेश्वर-निपाणीचा पट्टा कर्नाटकात आहे, हे एरवी लक्षातसुद्धा येत नाही. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये दिसायला लागतात, एवढंच. पण गाडीत बंदूक असेल तर तोच पट्टा तुम्हाला गुन्हेगार ठरवू शकतो. कारण परवान्यावर एक रकाना असतो, परवाना कुठल्या हद्दीत चालतो तो. आबांच्या परवान्यावर तिथे 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेलं होतं. माझ्याही आहे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे १९८६ पासून बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती. आमची काजूची बाग आणि लहानसा काजू कारखाना गावापासून आत, जंगलाला लागून. शनिवारी पगार असतो. अलीकडे बरेच पगार बँकेत जमा करतो, पण हंगामात सोलायला येणाऱ्या बायकांना हातात पैसे लागतात, आणि ते घेऊन मला संध्याकाळी एकट्याला यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी वळणावर रस्त्यात दगडांची ओळ लावलेली होती. मी गाडी थांबवली नाही, कडेच्या चरातून काढली. मागे दोन बॅटऱ्या चमकल्या. दुसऱ्या दिवशी पोलिसात जाऊन रीतसर तक्रार दिली. हेच कागद पुढे उपयोगी पडले, म्हणून सांगतो: असं काही घडलं तर 'कशाला लफडं' म्हणून गप्प बसू नका. स्वसंरक्षणासाठी परवाना मागताना धोका काय, हे विचारतातच, आणि तोंडी उत्तराला वजन नसतं.

आबांचं वय तेव्हा ७१. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर तो हयात असतानाच ते वारसाच्या नावावर करता येतं. गावात अनेकांना हे माहीत नाही. म्हातारा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा करायची आणि मग वर्षानुवर्षं ती तिथेच गंजायची, असं मी दोन घरांत पाहिलं आहे. म्हणून मी आबांना म्हटलं, आपण आत्ताच करून घेऊ. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कर. पण तिला ठाण्याच्या कोपऱ्यात न्हाई ठेवायची."

जून २०२३ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला. आईचं आणि ताईचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, डॉक्टरांचा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, घरात हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, आबांच्या परवान्याची प्रत. मग पोलीस पडताळणी. घरी येऊन कपाट पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं, माझ्यावर काही गुन्हा आहे का ते तपासलं. तिथून वर, मग आणखी वर. या भागाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. धीर धरावा लागतो, आणि दर खेपेला कागदाची पोच घ्यावी लागते.

प्रशिक्षणाबद्दल मात्र सांगायलाच हवं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आता लागतं. मी लहानपणापासून बंदूक पाहत आलो होतो, त्यामुळे मला वाटत होतं, यात शिकण्यासारखं काय असणार? पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात रिकामी बंदूक दिली आणि मी ती घेतली तशी नळी शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या गुडघ्याकडे वळली. सरांनी नळी हाताने खाली केली आणि म्हणाले, "ती रिकामी आहे हे तुम्ही बघितलंत का? मी सांगितलं म्हणून मानलंत." त्यानंतर आजतागायत बंदूक हातात आली की मी आधी ती मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांतून उजेड बघतो. आमच्या जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आणलं. त्यामुळे कोल्हापुरात नेमबाजी शिकवणाऱ्यांचा हात शिस्तीचा आहे. त्याचा फायदा आमच्यासारख्यांनाही होतो.

सरांनी एक अख्खा तास कायद्यावर घेतला. तेव्हा भारतीय दंड संहिता होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खाजगी संरक्षणाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरीच्या वेळी हा हक्क मिळतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच उरत नाही. सर म्हणाले, चोर पाठ फिरवून पळायला लागला की तुमची बंदूक संपली. त्या वळणावर मी गाडी चरातून काढून निघून गेलो तेच बरोबर होतं, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. माझ्याकडे तेव्हा बंदूक असती तरी मी तेच करायला हवं होतं. हे मला पटलं आहे. गाडी चालू आहे आणि रस्ता मोकळा आहे तोवर गाडीच तुमचं संरक्षण. बंदूक कारखान्यावरच्या रात्रीसाठी, आणि जिथून निघताच येणार नाही अशा वेळेसाठी.

मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आबांना हत्यार जमा करण्याची नोटीस आली. आबांनी बंदूक स्वतः नेऊन दिली, पावती घेतली, निकालानंतर परत आणली. आणल्यावर आधी नळीतून पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर तांबूस डाग आला. रात्री जेवले नाहीत नीट.

ऑगस्टमध्ये माझा परवाना मंजूर झाला. आता बंदूक कोल्हापूरच्या कचेरीत नेऊन दाखवायची, तिचा नंबर आबांच्या परवान्यावरून उतरवून माझ्या परवान्यावर चढवायचा. आणि इथे तो निपाणीचा प्रश्न उभा राहिला. बंदूक अजून आबांच्या नावावर. म्हणजे गाडीत आबा हवेत. मी एकटा ती नेऊ शकत नव्हतो. बायकोला किंवा ड्रायव्हरला तर नाहीच. लोक इथे चुकतात. परवाना गाडीचा नसतो, घराचाही नसतो, माणसाचा असतो. मालक हॉटेलात जेवायला गेला आणि बंदूक गाडीत ड्रायव्हरपाशी राहिली, तर ड्रायव्हर विनापरवाना. कायद्यात अपवाद आहे, पण परवानाधारक समोर असेल किंवा त्याने दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी लेखी अधिकार दिला असेल तेवढ्यापुरताच.

मग आम्ही नेसरी, आजरा, उत्तूर, गारगोटी, मुदाळ तिट्टा, बिद्री असं गेलो. तासभर जास्त लागला, पण चाक महाराष्ट्राबाहेर गेलं नाही. नळी, कुंदा (खांद्याला लागतो तो लाकडी दस्ता) आणि खालचं लाकूड असे तिन्ही भाग सुटे करून, फडक्यात गुंडाळून कॅनव्हासच्या पिशवीत. सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं, असा नियम आहे. म्हणून टपावर नाही, डिकीत नाही. आबांच्या पायाशी, पिशवीचा पट्टा त्यांच्या मनगटाला. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलूप लावून. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान छापाची, सहा नग, मोजून कागदावर लिहिलेली.

गारगोटीच्या पुढे नाकाबंदी होती. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. गाडी कडेला घेतली, आतला दिवा लावला, काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हवालदार जवळ आल्यावर त्यांनी विचारायच्या आत म्हणालो, "साहेब, गाडीत परवान्याची बंदूक आहे. परवानाधारक हे माझे वडील. बंदूक खोललेली आहे. कागद वरच्या खिशात आहेत, काढू का?" त्यांनी मान हलवली. मगच हात हलवला. त्यांनी परवान्यावरचा फोटो आणि आबांचा चेहरा टॉर्चनं दोनदा पाहिला, नळीवरचा नंबर परवान्याशी अक्षर अक्षर जुळवला, काडतुसं मोजली. पाच-सात मिनिटं गेली असतील. शेवटी आबांना विचारलं, "काका, कुठं निघाला?" आबा म्हणाले, "पोराच्या नावावर करायला." हवालदार म्हणाले, "मग पिशवी नीट धरा." आबा पुढे कोल्हापूरपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी खाली ठेवा म्हटलं नाही.

कचेरीत काम अर्ध्या दिवसात झालं. आबांच्या परवान्यावर त्या ओळीवर रेघ मारली गेली. माझ्या परवान्यावर युनिक नंबर, हत्याराचा नंबर, काडतुसांचा आकडा, पाच वर्षांची मुदत. येताना आबांचे हात मोकळे आणि पिशवी माझ्या सीटमागे, कारण आता ती माझ्या ताब्यात असायला हवी होती. उलट आबाच तिच्यासाठी परके झाले होते.

तेव्हापासून ती गाडीत असते ती फक्त हंगामातल्या शनिवारी, आणि तेव्हाही भरलेली नसते. परवाना लॅमिनेट करू नका, नोंदी करायच्या असतात. प्लॅस्टिकच्या पाकिटात मूळ प्रतच सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही. निघताना रस्ता आधी नकाशावर बघा, केवळ राज्याची हद्द नाही, अभयारण्यही बघा. कोल्हापूरहून परस्पर कणकवलीला जायचं तर राधानगरी-दाजीपूरचा सोपा रस्ता, पण तो अभयारण्यातून जातो आणि तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. बेळगाव तर आमचं रोजचं. दवाखाना, बाजार, सगळं तिकडे. बेळगावला जाताना बंदूक घरीच राहते, कितीही उशीर होणार असला तरी. कर्नाटकापुरती हद्द वाढवून मिळावी म्हणून अर्ज दिला आहे, मिळाली तर बरं, नाही मिळाली तर घरीच.

आणि ती उडवून दाखवा म्हणणारे पाहुणे येतात. लग्नात, जत्रेत हवेत बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आबांनी तरुणपणी गावच्या पालखीला बार काढलेले आहेत, ते सांगतातही. मी मात्र कुणाचंही मन राखत नाही.

त्याच वर्षी खंडेनवमीला पहाटे आबा आंघोळ करून माझ्या खोलीच्या दाराशी उभे होते. हातात झेंडूची माळ. अडतीस वर्षं ते स्वतः कपाट उघडत आले. आता चावी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात, बोलेरोच्या चावीशेजारी. म्हणाले, "उठतोस का? तू असल्याबिगर मला हात लावता येत न्हाई म्हणतोस." मी उठलो, कपाट उघडलं, मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनीही पुन्हा एकदा मोडून बघितलं. मग पाटावर ठेवली, कुंद्याला तेल लावलं, कोयता, विळा आणि काजू फोडायच्या यंत्राचा दांडा शेजारी मांडला आणि माळ घातली. पूजा होईपर्यंत मी तिथेच बसून होतो.