तोळ्याची सवय

सोन्याच्या दुकानात आपण मराठी माणसं वाघ असतो. आजचा भाव, इतके ग्रॅम, घडणावळ, जीएसटी: सगळा हिशेब तोंडी. हिऱ्यांच्या काउंटरवर मात्र वाघाची शेळी होते, कारण तोळ्याची सवय तिथे दगा देते.

मामेबहिणीच्या साखरपुड्याची अंगठी बघायला आम्ही दादरला गेलो होतो. मामीने सवयीने विचारलं, "वजन किती?" दुकानदार म्हणाला, "50 सेंट, काकू. अर्धा कॅरेट." कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, हा हिरा भरला ग्रॅमचा दहावा भाग! मग मामीने एक कॅरेटचा भाव विचारला आणि दुप्पट ऐकायची तयारी ठेवली. आकडा दुपटीच्या कितीतरी पुढे निघाला.

सोनं दुप्पट घेतलं की पैसे दुप्पट. हिऱ्यात वजन वाढलं की कॅरेटमागचा भावच चढतो, कारण मोठा आणि स्वच्छ कच्चा हिरा खाणीत क्वचित सापडतो. आधी ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत आणि आता बीकेसीतल्या बोर्समध्ये, म्हणजे हिरेबाजारात, हिऱ्यांच्या पुड्या उघडून बसणारे व्यापारी म्हणूनच आधी कॅरेटचा भाव बोलतात, नगाचा नंतर.

गंमत म्हणजे डोळ्यांना हे वजन फारसं दिसतच नाही. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, अर्ध्या कॅरेटचा पाचाच्या किंचित वर. 92 सेंटचा तर एक कॅरेटच्या शेजारी ठेवला तरी ओळखू येऊ नये. तरीही 'एक' हा आकडा पार झाला की भाव उडी मारतो. तो पार करायचा म्हणून काही हिऱ्यांना पैलू पाडताना पोटात जाडी राखतात. वजन भरतं, पण हिरा वरून लहान दिसतो आणि चमकही मार खाते. माझं मत विचाराल तर 92 घ्यावा आणि उरलेल्या पैशांत पैलूंची चांगली घडाई बघावी.

कुड्यांचा मामला आणखी वेगळा. 'एकूण अर्धा कॅरेट' ऐकून हुरळायला होतं, पण एका कुडीत सात, म्हणजे जोडीत चौदा हिरे. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला साडेतीन सेंट. अर्थात, कुडी घेताना भागाकार करणारी बाई माझ्या पाहण्यात नाही. त्या आरशात बघतात.