२०१६ ची गाणी, पुन्हा एकदा क्रमाने : तिसरी नोंद

मागच्या नोंदीत २०१६ च्या पहिल्या दहा गाण्यांची जी क्रमवारी दिली होती, ती रद्द समजावी. यादीतील गाणी फारशी बदललेली नाहीत. ऐकण्याची रीत मात्र बदलावी लागली, आणि ती का बदलली हे सविस्तर लिहिल्याशिवाय नवी क्रमवारी मांडण्यात अर्थ नाही.

आधीच्या दोन नोंदी ज्यांनी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. डिसेंबर २०१६ मध्ये मी एका शंभर पानी वहीत त्या वर्षी आवडलेली ४० गाणी क्रमाने लिहून ठेवली होती. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतील गाणी एकाच यादीत असल्याचे बाहेरच्या मित्रांना नवल वाटते. परंतु बेळगावात राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभरात जे पडते त्याची ती साधी मोजदाद आहे. घरात मराठी, खडेबाजारातील दुकानांत हिंदी, हुक्केरी-चिक्कोडीकडे जाणाऱ्या गाडीत कन्नड आणि शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर इंग्रजी, असा तो हिशेब असतो. ती वही माळ्यावर सापडली तेव्हा त्यातील क्रम पाहून मला स्वतःचेच काही निर्णय पटेनात, म्हणून ही उजळणी सुरू केली. प्रत्येक गाणे चार वेळा ऐकायचे असे ठरले: पहाटे हेडफोनवर, एकदा बसप्रवासात, एकदा स्वयंपाकघरातील ओट्यावर मोबाइल ठेवून, आणि शेवटी पेटीवर त्याची चाल बसवून. त्यानंतर गुण द्यायचे, आणि त्यात सर्वाधिक वजन दुसऱ्या अंतऱ्याला. मुखडा कोणालाही खेचून घेतो. संगीतकाराजवळ सांगण्यासारखे आणखी काही उरले होते की नाही, हे दुसऱ्या अंतऱ्यात कळते, असा माझा अनेक वर्षांचा समज आहे. आजपर्यंत ४० पैकी २८ गाणी या रीतीने पूर्ण झाली.

या रीतीत पहिला मोठा बळी गेला तो ‘झिंगाट’चा. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला, आणि त्या वर्षीच्या माझ्या वहीत ‘झिंगाट’ पहिल्या क्रमांकावर आहे, तोही दोनदा अधोरेखित केलेला. उजळणीत ते नवव्या क्रमांकावर घसरले. हेडफोनवर ते मला एकसुरी वाटले, बसमध्ये कर्कश वाटले, आणि पेटीवर तर त्यात हाताला फारसे काही लागलेच नाही. मागची नोंद लिहिताना मी मोठ्या समाधानाने असे म्हटले होते की, तेव्हा आपण गाण्याला नव्हे, तर गल्लीतील गोंगाटाला गुण दिले होते.

त्यावर बेळगावच्याच शहापूर भागातील एका डॉल्बीवाल्या गृहस्थांनी मला गाठले. त्यांच्या मुलाला मी पूर्वी गणित शिकवत असे, त्यामुळे ते बोलतात आदराने, पण त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. “सर, त्या गाण्याचा खालचा बेस तुमच्या हेडफोनात कुठला यायला? अठरा इंची स्पीकर लावून बघा, मग नंबर द्या.” मी म्हणालो, “मामा, गाणं चांगलं असेल तर ते कशावरही चांगलंच वाटायला हवं.” त्यांनी विचारले, “मग भूपाळी तुम्ही दुपारी दोनला ऐकता काय?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही नाही.

त्यांच्या गोदामात एका रविवारी दुपारी, दोन बेस आणि दोन टॉप स्पीकर एवढ्याच जोडणीवर, आवाज बेताचा ठेवून आम्ही ते गाणे ऐकले. मोबाइलवर जो ठेका नुसता टक्‌टक्‌ असा वाजतो त्याच्या खाली एक जाड, गोल आघात आहे आणि अजय-अतुल यांनी गायकीतील मोकळ्या जागा त्या आघातासाठीच राखून ठेवल्या आहेत, हे मला तेथे प्रथम कळले. मी ज्याला एकसुरीपणा म्हणत होतो ती खरे म्हणजे नाचणाऱ्यांसाठी सोडलेली जागा होती. पेटीवर हाताला काही लागत नाही ही तक्रार कायम आहे. पण हलगीची परीक्षा पेटीवर घेण्यासारखाच तो प्रकार झाला होता, हे मान्य करावे लागेल.

तेव्हापासून पाचवे श्रवण वाढवले आहे: प्रत्येक गाणे एकदा त्याच्या स्वतःच्या जागी ऐकायचे. या नियमामुळे काम बरेच लांबले. मिरवणुकीचे गाणे मिरवणुकीत, लग्नाचे लग्नात, आणि एकट्याने ऐकण्याचे गाणे रात्री एकट्याने, असे करायचे तर माणसाला पंचांग बघून यादी लावावी लागते. पूर्ण झालेल्या २८ पैकी १९ गाण्यांचे पाचवे श्रवण उरकले आहे. ‘झिंगाट’ नवव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आले. पहिल्यावर मात्र येत नाही, आणि त्याला कारण त्याच चित्रपटातील दुसरे गाणे आहे.

‘सैराट’मध्ये चारच गाणी आहेत, आणि माझ्या यादीत ती चारही आहेत. त्यांच्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील सोनी स्कोरिंग स्टेजवर झाले, ही गोष्ट त्या वेळी इतक्यांदा सांगितली गेली की मला तिचा कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याचा राग मी वहीत ‘याड लागलं’ या गाण्यावर काढलेला दिसतो: क्रमांक सात, शेरा ‘थाटमाट फार’. आज तो शेरा वाचून मला संकोच वाटला. अजय गोगावले यांच्या आवाजातील रांगडेपणा आणि त्यामागे पसरलेले तंतुवाद्यांचे मऊ अस्तर एकमेकांना खोडून काढतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या विस्तीर्ण वाद्यवृंदामुळेच आवाजातील एकटेपण उठून दिसते. मोकळ्या माळावर एकच माणूस उभा असावा, तसे ते ऐकू येते. निपाणीहून परतताना, तवंदी घाट ओलांडल्यावर अंधार पडत होता तेव्हा याचे पाचवे श्रवण झाले, आणि त्या रात्रीच मी त्याला पहिला क्रमांक दिला. जागेचा प्रभाव निर्णयावर पडला असेल, हे मला मान्य आहे. परंतु नियमच तसा केला आहे.

‘सैराट झालं जी’ पाचव्या आणि ‘आताच बया का बावरलं’ आठव्या क्रमांकावर आहे. पहिल्यात अजय यांच्यासोबत चिन्मयी श्रीपाद आहेत, तर दुसरे श्रेया घोषाल यांनी गायिले आहे. म्हणजे एक तमिळ आणि एक बंगाली गायिका ग्रामीण मराठीत गात आहेत. आमच्या भागात कन्नड घरातील मुलगी झोकात मराठी बोलते आणि मराठी घरातील मुलगा कन्नडात भांडतो, त्यामुळे यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. तरीही ‘ळ’ आणि ‘ण’ कसे उच्चारले आहेत हे मी कान देऊन ऐकले, आणि दोघींनाही पूर्ण गुण दिले.

याच ठिकाणी सीमाभागातील श्रोत्यांची एक खास अडचण नोंदवून ठेवतो. ‘सैराट’ची कन्नड आवृत्ती ‘मनसु मल्लिगे’ २०१७ मध्ये आली, तिची नायिकाही रिंकू राजगुरूच होती आणि चालीही त्याच होत्या. चिक्कोडी तालुक्यातील एका लग्नात मी एकाच संध्याकाळी त्याच चालीवर दोन्ही भाषांतील शब्द ऐकले, आणि वरातीतील मंडळी मुखड्याला मराठीत व अंतऱ्याला कन्नडात गात होती. वर्ष वेगळे असल्यामुळे कन्नड गीत माझ्या यादीत बसत नाही. पण त्या संध्याकाळनंतर ‘झिंगाट’ला गुण देताना मी नेमके कोणत्या गाण्याला गुण देतो आहे, हे ठरवणे कठीण झाले. सध्या चालीचे गुण मूळ गाण्याकडे जमा केले आहेत. कन्नड गाण्यांची यादी ठेवणारे आमचे चिक्कोडीचे गुरुजी यावर नाराज आहेत.

गुरुजींचे समाधान दुसऱ्या क्रमांकाने व्हावे. तेथे ‘त्रास आक्कति’ हे कन्नड गाणे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या, पुनीत राजकुमार यांच्या ‘दोड्मने हुड्ग’ या चित्रपटातील हे गाणे व्ही. हरिकृष्ण यांनी संगीतबद्ध केले आहे, शब्द योगराज भट यांचे आहेत. बंगळूरच्या चित्रपटांत उत्तर कर्नाटकाची बोली बहुधा विनोदापुरती येते. येथे ती मुखड्यातच येऊन बसली आहे, आणि तिचा पहिलाच शब्द आमच्या घरातला आहे. धारवाड-बेळगावकडील कन्नडात ‘त्रास’ हा शब्द मराठीतल्याइतकाच रुळलेला आहे. ‘त्रास आक्कति’ म्हणजे त्रास होतोय. कन्नडचा गंध नसलेली माझी मावशीसुद्धा पहिल्या ओळीला हसली होती. वहीत हे गाणे एकविसाव्या क्रमांकावर होते, कारण त्या वेळी मी बोलीच्या गमतीला संगीताच्या गुणांत धरत नसे. हुक्केरीच्या गाडीत चालकाने ते लावले आणि अर्धी गाडी ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, तेव्हा चालीचे वळण बोलण्याच्या हेलावरच बेतलेले आहे हे माझ्या लक्षात आले. ते पेटीवर बसवताना त्या हेलाशी माझी पुरती दमछाक झाली.

इंग्रजी गाण्यांत मला चकित केले ते ‘द चेनस्मोकर्स’ यांच्या ‘क्लोजर’ने. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेले हे गाणे मी मुलांच्या नादाने यादीत घेतले होते आणि उजळणीत ते गळणार अशी माझी खात्री होती. मात्र दुसऱ्या अंतऱ्याची माझी कसोटी त्याने फार हुशारीने उत्तीर्ण केली: पहिले कडवे पुरुषाच्या आवाजात आहे, दुसरे गायिका हॅल्सी गाते, आणि त्याच भेटीची दुसरी बाजू तेथे उघड होते. आपल्या युगुलगीतांत हे नेहमीचेच आहे, पण येथे ती येईपर्यंत ते युगुलगीत आहे याचा पत्ताच लागत नाही. सहावा क्रमांक. सियाचे ‘चीप थ्रिल्स’ चौदाव्यावर स्थिर आहे. ते मुळात रिहानासाठी लिहिले होते हे कळल्यापासून मला त्यात दुसरीच गायिका ऐकू येते, हा दोष माझा. ड्रेकचे ‘वन डान्स’ तीन मिनिटांच्या आत संपते आणि संपल्यावर माझ्या लक्षात काही राहत नाही. ते यादीतून वगळले.

वर्ष कशावरून धरायचे, हा जुना वाद याही वेळी निघाला. कोल्डप्लेचे ‘हिम फॉर द वीकेंड’ डिसेंबर २०१५ च्या संग्रहात आहे, पण स्वतंत्र गाणे म्हणून जानेवारी २०१६ मध्ये आले, आणि त्याच्या चित्रीकरणात वसईचा किल्ला दिसतो. मी ते २०१६ मध्येच ठेवले आहे. ‘उडता पंजाब’मधील ‘इक्क कुडी’ची अडचण निराळी आहे, कारण अमित त्रिवेदी यांची चाल त्या वर्षाची असली तरी शब्द शिवकुमार बटालवी यांचे आहेत आणि ते १९७३ मध्येच निवर्तले. गाण्याचा जन्म चालीने धरावा, असे ठरवून ते चौथ्या क्रमांकावर ठेवले. लेनर्ड कोहेन यांचे ‘यू वॉन्ट इट डार्कर’ मी तेव्हा ऐकलेलेच नव्हते. त्यांचा त्या नावाचा संग्रह ऑक्टोबरमध्ये आला आणि ७ नोव्हेंबरला ते गेले, तेव्हा मी ‘ऐ दिल है मुश्किल’च्या गाण्यांत बुडालेला होतो. मागाहून ऐकलेल्या गाण्यांना प्रवेश द्यायचा की नाही? खानापूरचे मित्र म्हणतात की, यादी वर्षाची आहे, आठवणींची नाही. मला ते पटले आणि एक गाणे कमी करून कोहेन यांना सातव्या क्रमांकावर घेतले. त्यासाठी जे गाणे गेले त्याचे नाव मी सांगणार नाही, घरात भांडण होईल.

वहीत आणखी एक कल सापडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि वर्षअखेरपर्यंत इंटरनेट फुकट मिळाले. त्याआधी मी मोबाइलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून घेत असे, आणि दुकानदार जी गाणी भरून देई तीच माझी आवड ठरे. ४० पैकी १७ गाणी शेवटच्या चार महिन्यांतील आहेत, ती केवळ जास्त चांगली होती म्हणून नव्हे, तर जास्त वेळा ऐकता आली म्हणून. वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांतील गाणी आता मुद्दाम शोधून ऐकतो आहे. उलट ‘किरिक पार्टी’ हा कन्नड चित्रपट ३० डिसेंबरला आल्यामुळे त्यातील ‘बेळगेद्दु’ वहीत नव्हतेच. अजनीश लोकनाथ यांची ती चाल आता नवव्या क्रमांकावर आहे आणि दहाव्यावर ‘चन्ना मेरेया’.

आता १२ गाणी उरली आहेत. त्यांतील ‘व्हेंटिलेटर’मधील ‘या रे या’ गणेश चतुर्थीला आरतीनंतर, मांडवात ऐकायचे ठरले आहे. ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधील ‘डॉल्बीवाल्या’ला मात्र अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीवाचून जागा नाही, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागत असल्याने ते दहाच्या आत आमच्या चौकातून गेले पाहिजे. शहापूरच्या मामांनी ते साडेआठला लावण्याचे कबूल केले आहे. तोपर्यंत अकरावा क्रमांक कोरा ठेवला आहे.