ऑटोमॅटिकला चावी

सोमवार, रात्री

घड्याळ बंद होतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून कपाटात ठेवलं ते आज सकाळीच हातात घेतलं. माझ्या सेइको फाइव्ह या ऑटोमॅटिक घड्याळात ४आर३६ मशीन आहे. स्प्रिंग पूर्ण भरलेली असेल तर ते साधारण ४१ तास चालतं, म्हणजे रविवारी दुपारीच केव्हातरी थांबलं असणार. गॅसवर चहा ठेवला आणि चावी द्यायला बसले.

ऑटोमॅटिकला चावी द्यायची नसते, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय. मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन, म्हणजे रोटर, फिरतो आणि स्प्रिंग भरत राहते, मग हाताने कशाला? ज्यांचं मनगट हलतं त्यांच्यापुरतं हे बरोबर आहे. मी मुद्रितशोधन करते. उजव्या हातात पेन, डाव्या हाताखाली फुटपट्टी, आणि ती पट्टी एकेक ओळ खाली सरकते. घड्याळ डाव्या मनगटावर. एवढ्याशा सरकण्याने रोटर जेमतेम डुलतो. पुस्तक छपाईला जायचा आठवडा असला की दिवसभर घालूनही घड्याळ जितकं खर्च करतं तितकं कमावत नाही. बागेत काम करणाऱ्या माणसाच्या हातावर हेच घड्याळ वर्षानुवर्षं चावीशिवाय चालेल.

बंद पडलेलं ऑटोमॅटिक लोक हलवून चालू करतात. सेकंदकाटा लगेच फिरायला लागतो आणि काम झालं असं वाटतं. पण तेव्हा स्प्रिंग अगदी तळाला असते. चांगल्या स्थितीतल्या घड्याळात पूर्ण भरलेल्या स्प्रिंगवर बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल राखणारं झुलतं चाक, पाऊण फेरीच्या आसपास झोका घेतं; ताकद कमी असेल तर झोका आखूड होतो. मग घड्याळ उभं आहे, आडवं आहे, डायल वर आहे की खाली, या सगळ्याचा चालीवर जास्त परिणाम होतो. असं अर्धपोटी घड्याळ घालून मी टेबलाशी बसले तर ते दिवसभर तसंच रखडेल आणि रात्री पुन्हा थांबेल. वीस-तीस फेऱ्या चावी दिली की सुरुवातच चांगल्या ताकदीवर होते आणि पुढचं रोटर सांभाळतो. मला हेच पटतं.

या मॉडेलमध्ये चावी चारच्या आकड्याशी आहे आणि केसमध्ये अर्धी दडलेली. अंगठ्याचं पेर आणि तर्जनीची कड यांच्यात धरून वरच्या दिशेने फिरवावी लागते. घड्याळ हातातून काढूनच. मनगटावर असताना चावी तिरकी धरली जाते आणि आतल्या दांडीवर बाजूने ताण येतो. पहिल्या फेऱ्यांत बोटाला काहीच लागत नाही, नुसती बारीक करकर. मग सेकंदकाटा हलतो. उलटं करून पाठीच्या काचेतून बघितलं तर बॅलन्स व्हील आधी आळसावल्यासारखं आणि मग बघता बघता झपाझप फिरायला लागलेलं दिसतं. सेकंदाला सहा ठोके, तासाला २१,६००. इकडे बोटाखालचा विरोध कणाकणाने वाढत जातो आणि एका जागी येऊन तेवढाच राहतो. घड्याळ अडत मात्र नाही.

आत्याचं अडायचं. ती सोलापूरला सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याकडे हाताने चावी द्यायचं एचएमटी जनता होतं, पुरुषांचं, कारण बायकांच्या घड्याळांचे सेकंदकाटे नाडी मोजायला फार बारीक पडायचे. सकाळी रेडिओवरच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून ती वेळ जुळवायची आणि ड्युटीला निघायच्या आत चावी द्यायची. मला एकदा द्यायला दिली तेव्हा म्हणाली, “अडलं की सोड गं, पुढे जोर लावू नकोस.” तिच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक, ती ज्या गोल डबीत गुंडाळलेली असते त्या डबीच्या भिंतीला पक्कं अडकवलेलं असतं. स्प्रिंग भरली की भरली, चावी ठाम थांबते. बोटाला उत्तर मिळतं.

ऑटोमॅटिकमध्ये असं टोक बांधून चालतच नाही. रोटर तर दिवसभर फिरणार; स्प्रिंग काठोकाठ भरल्यावरही तो ओढत राहिला तर काहीतरी तुटेल. म्हणून बाहेरच्या टोकाला एक ताठ पट्टी असते, ती डबीच्या भिंतीवर नुसती दाबून बसते. ताण हद्दीबाहेर गेला की पट्टी भिंतीवरून थोडी घसरते आणि परत धरते. ती फार लवकरही घसरू नये म्हणून तिथे वेगळं, घट्ट धरणारं ग्रीस लावतात. जास्तीची चावी दिल्याने घड्याळ बिघडत नाही ते या पट्टीमुळे. मला हा सबंध यंत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, आणि तो पाठीच्या काचेतून दिसतही नाही, बोटांनाच थोडासा कळतो.

रोज उठून भरमसाठ चावी द्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. रोटरला जे भरायला तास लागतात ते हात मिनिटभरात भरतो, तेव्हा आतल्या चाकांना त्या वेगाने फिरावं लागतं. तेल सुकलेलं असेल तर दाते झिजतात. एटा २८२४सारख्या स्विस मशीनमध्ये चावी देताना रोटरच गरगर फिरायला लागला तर उलटसुलट गती सांभाळणारी चाकं घाण झाली आहेत, असं समजायचं. तेव्हा चावी थांबवून घड्याळ दुरुस्तीला द्यावं. ज्यांची चावी पेचाने आवळलेली असते, पाण्यात वापरायच्या घड्याळांची, त्यांचे तर प्रत्येक वेळी पेचाचे आटेही झिजतात. बंद पडल्यावर द्यावी, बैठ्या आठवड्यात मध्ये एखादवेळी द्यावी, एवढं पुरे.

दादाकडे जुनं सेइको फाइव्ह आहे, ७एस२६ मशीनचं. हे मशीन १९९६ साली आलं आणि भलतं दणकट आहे, पण त्याला हाताने चावी देताच येत नाही. तो घड्याळ धरून अर्धा मिनिट आडवं झुलवतो आणि घालतो. त्याला तेवढं पुरतं, तो दिवसभर दुकानात उभा असतो. मी ते घड्याळ घेतलं नसतं.

मनगटावरचं पहिलं ऑटोमॅटिक बनवणाऱ्या जॉन हारवूडला चावी मुद्दामच नको होती. १९२४च्या स्विस पेटंटचं त्याचं घड्याळ बघितलं तर बाजूला काहीच नाही. काटे फिरवायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून. चावीच्या भोकातून धूळ आणि ओल आत जाते आणि घड्याळं त्यानेच खराब होतात, हे दुरुस्तीच्या टेबलाशी बसून त्याने पाहिलेलं होतं. विचार बरोबरच होता. पण त्याचं वजन पूर्ण फिरायचं नाही, दोन स्प्रिंगांच्या मध्ये आपटत मागेपुढे जायचं, आणि थांबलेलं घड्याळ हलवण्यावाचून इलाज नव्हता. १९३१ साली रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर आणला आणि चावीही ठेवली. चावी राहिली हे फार चांगलं झालं. स्वतःचं स्वतः चालणाऱ्या यंत्रालाही थांबल्यावर कुणीतरी नीट हाताने उचलून उभं करावं, अशी एक जागा त्यात असायला हवी. बैठं काम करणाऱ्या माझ्यासारखीला तर ती लागतेच.

चावी झाली की वेळ आणि तारीख. घड्याळ सकाळी थांबलं की रात्री, हे डायलवरून कळत नाही, म्हणून काटे पुढे फिरवून तारीख कधी पालटते ते आधी बघते. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान चावी पहिल्या टप्प्यापर्यंत बाहेर ओढून तारीख बदलायची नाही. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. दुसऱ्या टप्प्यावर सेकंदकाटा थांबतो, तो फोनच्या वेळेशी जुळवून सोडते. कंपनी दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मोकळीक सांगते. माझं त्याहून बरंच नेटकं चालतं, भरलेलं असेल तर.

आत्याचं जनता सध्या माझ्याच कपाटात आहे. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, तरी या मशीनचे सुटे भाग अजून मिळतात. भाची जूनपासून नर्सिंगला जातेय, तिने मागितलंय. चावी फिरते पण दोन तासांत बंद पडतं. तेल सुकलंय की स्प्रिंग थकलीये ते उघडल्याशिवाय कळणार नाही. शनिवारी घड्याळवाल्यांकडे घेऊन जाते.