बसऱ्याला गेलेले: बेळगाव-खानापूरकडची एक शोधाशोध

बेळगाव भागातल्या जुन्या शिपायाचा माग काढायचा तर पहिलं काम म्हणजे आजचा नकाशा बाजूला ठेवायचा. पहिल्या महायुद्धाच्या कागदांत गावापुढे 'जिल्हा बेळगाव' लिहिलेलं असतं, पण त्यातली कितीतरी गावं आज चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. १९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा अलीकडे राहिला. उलट, आज बेळगाव शहराचाच भाग असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. तेव्हा शहापूरच्या गल्लीतला पोरगा पलटणीत गेला असेल, तर त्याच्या नावापुढे बेळगाव सापडेलच असं नाही. सीमाप्रश्नावर आपण एवढं बोलतो, पण ती रेघ मेलेल्या माणसांच्या पत्त्यांवरूनही फिरली आहे, हे मला या प्रवासात पहिल्यांदा जाणवलं.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. आईच्या आजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, गेले, संगिनीनं लढत मेले आणि परत आले नाहीत, एवढीच गोष्ट घरात चालत आली आहे. त्यांचा फोटो नाही. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे पुढचा वंश नाही आणि म्हणून आठवण काढणारंही कुणी नाही. मामा त्यांना 'धाकटे आज्जा' म्हणतात. दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा म्हटलं, यंदा गोव्याला जाण्यापेक्षा धाकट्या आज्जांकडे जाऊ.

कोल्हापूरहून एसटीने निघालो. कागल, कोगनोळीचा नाका, निपाणी, संकेश्वर. हंगाम सुरू झालेला, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती. हत्तरगी, काकती करत बेळगावात उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. या रस्त्याचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही. यमकनमर्डीच्या पुढे टेकड्या सुरू झाल्या की बरं वाटतं, इतकंच.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. कॅम्पातून फिरताना दाट झाडी, पांढरा चुना मारलेले कट्टे आणि पहाटे रस्त्यावरून धावत जाणारी रिक्रुटांची रांग दिसली की कुणी सांगायला नको. प्रशिक्षण केंद्र इथं आलं ते १९२२ साली, सैन्याची फेररचना झाली तेव्हा. पण पलटणी त्याहून किती तरी जुन्या. पहिली, 'जंगी पलटण', १७६८ सालची. महायुद्धात त्यांचे आकडे वेगळे होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. हे आकडे पाठ करून ठेवा, शोधताना नावापेक्षा जास्त उपयोगी पडतात. केंद्राच्या आवारात शर्कतचं युद्धस्मारक आहे. शर्कत म्हणजे इराकातलं, मोसुलच्या दक्षिणेचं टायग्रिस नदीकाठचं ठिकाण. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, तुर्कांशी युद्ध थांबायला दोन-तीन दिवस उरले असताना ११४ मराठा तिथं लढली. आत जायचं तर आधी रीतसर परवानगी काढावी लागते. लष्करी आवार आहे, ते योग्यच आहे. माझं काम तसंही गावाकडे होतं.

खानापूरची बस पकडली. फलक कानडीत, कंडक्टर मराठीत, आणि मागच्या बाकावरच्या दोन बाया एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरत भाताच्या दराबद्दल तावातावाने बोलत होत्या. सुगी ऐन भरात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, खळ्यांवर मळणी. मामा खळ्यावरच भेटले. "काय गा, जिवंत माणसांना भेटाय सवड न्हाई, आणि मेलेल्यांना शोधत आलास व्हय?" हे स्वागत.

रात्री जेवणं झाल्यावर मामींनी माळ्यावरून ट्रंक काढायला लावली. आत जुन्या फाळणीपत्रकांची गुंडाळी, एक फुटका कंदील, आणि तळाशी फडक्यात बांधलेलं एक पदक. काशाच्या रंगाचं, पंख पसरलेली बाई असलेलं. हे विजय पदक, ब्राँझचं. याच्या जोडीला चांदीचं एक पदक मिळायचं, ते नव्हतं. असणारही नव्हतं. अस्सल चांदी ती. कुठल्या तरी दुष्काळात किंवा कुणाच्या तरी लग्नात सोनाराकडे गेली असणार. या भागात घरोघरी हेच दिसतं, ब्राँझ उरलं कारण त्याला कुणी विचारलं नाही.

पदकाचा चेहरा बघू नका, कड बघा. दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की कडेवर कोरलेली बारीक अक्षरं दिसायला लागतात: शिपाई नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. मोबाईलची बॅटरी एका बाजूने मारली, खडूची पूड बोटाने चोळली, आणि आकडा वाचता आला. ११०. ही पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि आज सेकंड पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे, लाल बेरेटवाली. मामांचा धाकटा मुलगा एवढा वेळ मोबाईलमध्ये होता, हे ऐकून तो जरा जवळ सरकला.

"एवढंच न्हवं, देवी पण हाय की," मामी म्हणाल्या आणि देव्हाऱ्यातून एक जाड थाळी घेऊन आल्या. मी बघतच राहिलो. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरच्यांना ब्रिटिश सरकारने पाठवलेली ती ब्राँझची चकती होती, सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाची. मध्ये हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई, पायापाशी सिंह. त्रिशूळ आणि सिंह! आमच्या घरात तीन पिढ्या तिची अंबाबाई म्हणून पूजा चालू आहे. नवरात्रात घटाशेजारी बसते, खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर तिला हळदकुंकू लागतं, आणि दर दसऱ्याला चिंच आणि राखेने घासली जाते. घासून घासून सिंहाचं नाक गेलंय, ब्रिटानियाचा चेहरा पार गुळगुळीत झालाय. पण उजवीकडच्या चौकटीतली उठावाची इंग्रजी अक्षरं अजून बोटाला लागतात. धाकट्या आज्जांचं नाव. हुद्दा नाही, कारण या चकतीवर कुणाचाच हुद्दा घालत नसत. जनरलची आणि शिपायाची चकती सारखीच. म्हणजे शंभर वर्षं त्यांच्या नावाला रोज दिवा लागत होता आणि घरात कुणालाही ते ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर मामींनी थाळी परत जागेवर ठेवली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "असू दे. देवीच हाय ती."

खरी माहिती मिळाली ती दुसऱ्या दिवशी, अंगणात बसून, रेंजसाठी फोन कौलांच्या कडेला टेकवून. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी आहे. तिथं शोधताना रेजिमेंटच्या नावातल्या 'मराठा'चं स्पेलिंग Mahratta असं टाकावं लागतं, जुनी पद्धत. गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं. पाटील, सावंत, गावडे ढिगाने. नावावरून जाऊ नका. पलटणीचा आकडा, मग तालुका, मग बापाचं नाव, असं गाळत या. आम्हाला नोंद मिळाली. तारीख ऑगस्ट १९१६ ची होती.

या तारखेपाशी मी बराच वेळ थांबलो. ११० मराठा तेव्हा सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली टायग्रिसकाठाने बगदादच्या दिशेने गेली, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि कूत-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा. १०३, ११० आणि ११७, मराठ्यांच्या तीन पलटणी आत होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडी आणि खेचरं मारून खायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी कित्येकांचं मन तयार होईना. पिठावर दिवस काढले, स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सडल्या. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, काही नदीत पडली. बाहेरून वेढा फोडायला आलेल्या फौजेचीच २३,००० च्या घरात माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि तरी वेढा सुटला नाही. सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांना वाळवंटातून चालवत बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनकडे नेलं. तिथं रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपलं.

ऑगस्ट १९१६ म्हणजे शरणागतीनंतर चौथा महिना. धाकटे आज्जा लढाईत पडले नव्हते. कैदेत मेले, त्या चालीत किंवा त्या रुळांपाशी. घरात सांगत आले ते 'संगिनीनं लढत मेला'. मामांना सांगू की नको असं झालं, मग सांगितलं. ते खळ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे उपाशी मेला." आणि जरा वेळाने, "घोडं खाल्लं असंल का रं त्येनं?" याचं उत्तर कुठल्या यादीत मिळणार?

नोंदीत स्मारक म्हणून बसरा मेमोरियल लिहिलंय. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबरीचा पत्ता नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचं ते स्मारक. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. पण मला टोचलं ते वेगळंच. भिंतीवर हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावं लागली आणि साध्या शिपायांचा नुसता आकडा: अमुक पलटण, आणखी अमुक इतके हिंदी शिपाई. कमिशननेच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे जाहीरपणे मांडलं, आणि कमिशनने माफीही मागितली. शंभर वर्षं लागली त्याला.

आकड्याचीच गोष्ट मग इथंही दिसली. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. अशा फरशा सरकारने महायुद्धानंतर देशभर गावोगाव लावल्या. मजकूर सगळीकडे एकच: या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. खाली सायकल टेकवलेली, वरून ऑइलपेंटचा एक हात गेलेला. तिथून पन्नास पावलांवर देवळाच्या भिंतीला टेकलेले दोन वीरगळ आहेत. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. नाव त्यांच्यावरही नाही. पण त्यांच्यावर तेल होतं, ताजं. गावाला विचाराल तर फरशी सरकारची आणि वीरगळ आपला.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी मात्र बोलक्या निघाल्या. त्याच गावातल्या एका घरचे आजोबा मराठ्यांच्या पाचव्या रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. ती मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांपुढे उभी होती. नोंद उघडली, आणि अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक, असं सरळ लिहिलेलं. त्या घरातल्या सूनबाई आता स्वतःच सत्तरी पार केलेल्या. फोन हातात घेऊन सासूचं नाव त्या स्क्रीनवर बघत होत्या. सातबाऱ्यावर त्या माऊलीचं नाव कधी चढलं नाही, रेशनकार्डावरचं चुकीचं होतं. बरोबर स्पेलिंगमध्ये छापलेलं नाव मिळालं ते या परदेशी यादीत. घरातून लगेच पुढचा प्रश्न आला: "मग आता ह्येची पेन्शन मिळती का?" नाही म्हटल्यावर सगळे हसले, आणि चहा आला. कुंद्याची पेटीही उघडली गेली.

पंजाबातल्या ३,२०,००० शिपायांची गाववार नोंदपुस्तकं लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात निघाली आणि २०२१ पासून ती इंटरनेटवर यायला लागली. तिकडची पोरं लंडनमध्ये बसून पणजोबा शोधतात. आपल्याकडे ट्रंका आहेत, देव्हारे आहेत आणि भंगारवाले आहेत. यातला तिसरा सगळ्यात जलद आहे, हे लक्षात घेऊन दिवाळीच्या साफसफाईत पितळी-काशाचं काही निघालं तर किलोवर घालण्याआधी कड वाचा, एवढंच सांगेन.

११० च्या यादीत कूतनंतरच्या तारखांची आणखी दोन नावं मिळाली, दोन्ही 'जिल्हा बेळगाव', दोन्ही गावं आज चंदगडात. शिनोळीवरून तासाभराचा रस्ता. मामांची तिकडे सोयरीक आहे. भात घरात पडलं की तेही यायचं म्हणतात, आणि ते बरोबर असले तर माळ्यावरची ट्रंक काढायला कुणी आढेवेढे घेणार नाही.