पल्प मासिकांचा भुगा का होतो?

'विअर्ड टेल्स' किंवा 'अमेझिंग स्टोरीज' या स्वस्त कागदावरच्या अमेरिकी कथामासिकांचा, म्हणजे पल्पचा, १९२०-३०च्या दशकातला एखादा अंक हाती लागला की पहिला प्रश्न ठरलेला: पानं तपकिरी पडलीत, कोपरे झडताहेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद करून टाकू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नुसतं तेवढंच करू नका. रोग कागदाच्या पोटातच आहे. अमेरिकी प्रकाशक फ्रँक मन्सीने १८९६ साली आपलं 'आर्गोसी' मासिक स्वस्त लगद्याच्या कागदावर काढलं आणि त्या लगद्यावरूनच या मासिकांना 'पल्प' नाव पडलं. हा कागद म्हणजे जवळजवळ नुसतं दळलेलं लाकूड. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, तसंच राहतं, ते उजेडात नि हवेत तपकिरी पडतं. शाई फुटू नये म्हणून दिलेल्या खळीत राळेबरोबर तुरटीच्या जातीचं लवण असे. त्यातून आम्ल सुटतं आणि सेल्युलोजचे तंतू तुटत जातात. मग दुमडलेला कोपरा सरळ करायला जावं, तर तो हातातच येतो.

असा कागद एकटाच हवाबंद केला की त्याची आम्लं आतच कोंडतात आणि तो उलट लवकर खचतो. म्हणून पिशवी मायलरची, म्हणजे पॉलिएस्टरची घ्या, अंकामागे कॅल्शियम कार्बोनेट घातलेला आम्लमुक्त पुठ्ठा ठेवा आणि तोंड चिकटवू नका. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पिशवी नको. खोक्याचा साधा पुठ्ठाही नको, तो पल्पच्या कागदासारखाच आम्लाचा. पल्पचा नेहमीचा आकार सुमारे ७ बाय १० इंच, पण मुखपृष्ठाच्या कडा पानांबाहेर आलेल्या असतात आणि आधी त्याच फाटतात. पिशवी थोडी मोठीच घ्या.

सेलोटेप लावाल तर पस्तावाल! त्याचा डिंक कागदात मुरतो, पिवळा डाग कायमचा राहतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावावी. लॅमिनेशनचा तर विचारही नको.

कोकणात, मुंबईत पावसाळा हा वेगळाच शत्रू. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. ३५ ते ५० टक्के बरी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. कसर लागली असेल तर अंक घट्ट बंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथा जपणाऱ्यांनीही हेच करावं.

वाचताना अंक ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नका. कॉमिक्सच्या पिना घडीतून मारलेल्या असतात, म्हणून ती सपाट उघडतात. पल्पच्या पिना पाठीलगत आडव्या आरपार असतात. स्कॅनरच्या काचेवर दाबलंत की पानं पिनांपाशीच तुटतात, त्यामुळे वरून कॅमेऱ्यानेच फोटो काढा.