फाइव्ह फॉर्टीचा लॉग: जून ते जानेवारी, आणि खालच्या पायाची गोष्ट

मंडळी, मागचा अपडेट टाकून सात-आठ महिने होऊन गेले, मध्ये दोघा-तिघांनी विचारलं पण की सोडलास काय म्हणून. सोडलं नाही. उलट या आठ महिन्यांत जेवढं कळलं तेवढं आधीच्या अडीच वर्षांत कळलं नव्हतं, म्हणून आज बसून सगळं लिहितोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला, वय ३४. तायक्वांदो ३१ व्या वर्षी चालू केलं, आता ब्लू बेल्ट. टिळकवाडीत आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लास, बाकी दिवशी पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नाहीतर गावात शेतावर एकट्याने. टार्गेट पहिल्यापासून एकच, फाइव्ह फॉर्टी, म्हणजे उडी मारून फिरत मारायची ५४० अंशांची किक. त्याच्या आधी स्पिनिंग हुक आणि टोर्नेडो या दोन फिरत्या किक नीट बसल्या पाहिजेत असं सरांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे.

जूनमध्ये स्पिनिंग हुकवर अडकलो होतो. उजवा पाय मागे, उजव्या खांद्यावरून मागे वळायचं, तोच उजवा पाय फिरत वर येतो आणि टाचेने कानाच्या लेव्हलला घासून न्यायचं. माझी किक उंचीला पोचत होती, पॅडलला (समोरचा हातात धरतो ते पॅड) लागत पण होती, पण मारल्यावर मी दोन पावलं मागं भेलकांडत जायचो. फाइटमध्ये एवढ्यात समोरचा येऊन मारून जातो. आमचे सर कन्नड, मराठी कळतं पण क्लासमध्ये तोंडातून कन्नडच येतं, ते एकसारखे ओरडायचे, "मोदलु नोडु, आमेले तिरुगु!" आधी बघ, मग फीर. म्हणजे आधी मान वळवून खांद्यावरून टार्गेट दिसलं पाहिजे, मग कंबर, मग पाय. मी मान वळवायला शिकलो, त्याने निशाणा सुधारला, भेलकांडणं मात्र तसंच. शिवाय डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. मारतोय उजव्याने आणि दुखतोय डावा, हे काय मला उलगडेना.

जुलैत पावसाने क्लासच्या हॉलमध्ये पाणी गळायला लागलं, मॅटखाली ओल, पाच-सहा दिवस बंद. घरी बसवेना म्हणून गावच्या तालमीत गेलो. आमच्या वस्तादांना आधीपासून ओळखतो, लहानपणी दोन वर्षं मातीत होतोच की मी. त्यांना म्हटलं, मामा, सकाळी पोरं यायच्या आधी अर्धा तास कोपऱ्यात लाथा मारून बघू काय. त्यांनी जरा विचार केला, मग म्हणाले, मातीला हात लावून नमस्कार कर, अनवाणी ये, आणि झाल्यावर माती तूच उकरायची.

आता हे नीट वाचा, कारण या लॉगमधला मुद्दा हाच आहे. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते, आदल्या रात्री फावड्याने उकरून सपाट केली की सकाळी एकदम लोण्यासारखी. तिच्यावर जे कराल ते उमटतं. मी पहिल्या दहा किक मारल्या, वस्ताद दारात चहा घेऊन उभे. मला वाटलं किकची उंची बघतायत. ते आत आले आणि उकिडवे बसून डावा पाय ठेवलेल्या जागेकडं बोट केलं. "वरच्या पायाकडं काय बगतोस गा सारकं, खालचा पाय बग की. हितं रुतलाय."

बघितलं तर टाचेचा खोल खड्डा, आणि बोटांचा ठसा सरळ समोर तोंड करून, जसा उभा होतो तसाच. म्हणजे कंबर आणि वरचं सगळं अंग फिरतंय आणि खालचं पाऊल जागेवर खिळलेलं, मधला पीळ सगळा गुडघ्यावर. दुखणार नाही तर काय. आणि अंग फिरायला जागाच नाही म्हणून ते शेवटी मागं फेकलं जातंय. वस्ताद पुढं म्हणाले, "धोबीपछाड मारताना पाय फिरला न्हाई तर समोरचा पोरगा कमरंवर येतोय काय? येत न्हाई. मग तुजी लाथ कशी येईल?" मी लहानपणी शेकडो धोबीपछाड मारलेत आणि ही एक गोष्ट कधी जोडून बघितली नव्हती.

त्या दिवसापासून मी किक मोजायच्या सोडून ठसे बघायला लागलो. पाच किक, थांबायचं, वाकून बघायचं, हाताने माती सपाट करायची, परत पाच. किक बरोबर झाली की टाचेचा खड्डा नसतोच, चवड्याखाली वाटीसारखा गोल घासलेला खळगा होतो आणि त्याच्या एका बाजूला मातीची बारीक कड वर येते, चंद्रकोरीसारखी. अर्धवट फिरलं तर कड अर्ध्यातच तुटते. साधी टर्निंग किक, जिला कोरियनमध्ये दोल्यो चागी म्हणतात, तिच्यात पण तेच, किक लागते त्या क्षणाला खालच्या पायाची टाच समोरच्याकडं वळलेली पाहिजे, नाहीतर कंबर उघडत नाही आणि पाय कितीपण लवचिक असला तरी वर जात नाही. दोन आठवड्यांत गुडघ्याचं दुखणं गेलं. भेलकांडणं जायला ऑगस्ट उजाडला.

एक सांगतो, हे सगळं अनवाणी आणि मातीवर. रबरी सोलचे बूट घालून सिमेंटवर किंवा डांबरावर पिव्हट, म्हणजे चवड्यावर पाऊल फिरवणं, शिकू नका, सोल धरून बसतो आणि परत सगळा पीळ गुडघ्यात. व्हॅक्सिन डेपोवर बूट घालून स्पिनिंग किक मारणारी पोरं दिसली की मी जाऊन सांगतो, ऐकतात ती ऐकतात.

स्ट्रेचिंगबद्दल पण विचारणा होती. माझा जुना अनुभव वाईट आहे. पहिल्या वर्षी एका दुसऱ्या क्लासमध्ये मला स्प्लिटला बसवून मागून एकाने खांद्यावर भार दिला, जांघेत टचकन आवाज आला, सात आठवडे जिना चढताना त्रास. त्यांनी नंतर साधी चौकशी पण केली नाही, ते मला अजून लागतं. कुणी तुम्हाला दाबून स्प्लिट करून देतो म्हटला तर सरळ नाही म्हणा. आता मी सरावाच्या आधी फक्त पाय झुलवतो, पुढं-मागं, बाजूला, हळूहळू उंची वाढवत. धरून ठेवायचे स्ट्रेच सगळे शेवटी, अंग गरम असताना. साइड स्प्लिट जूनमध्ये जमिनीपासून एक वीत वर होता, आता चार बोटं. त्याहून जास्त फायदा कशाचा झाला असेल तर स्लो किकचा. भिंतीला एक हात लावून साइड किक पाच सेकंदांत वर न्यायची, पाच सेकंद धरायची, गुडघा मुडपून परत आणायची, मग हात सोडून तेच. पायाच्या तळव्यातले बारीक स्नायू थरथर कापतात, पण पुढं टोर्नेडोला हेच कामाला आलं. आणि तालमीतल्या बैठका आहेतच, रोज १००.

गणपतीत अकरा दिवस सुट्टी घेतली, मंडळाचं काम होतं. परत आलो तेव्हा फार काही गेलेलं नव्हतं.

ऑक्टोबरपासून टोर्नेडो. कोरियन नाव दोलगे चागी. ही किक शिकायची म्हणून नाही तर फाइटमध्ये खरंच उपयोगाची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला वर्ल्ड तायक्वांदोचे जे नियम होते त्यांत छातीवर साधी किक २ गुण, डोक्याला ३, आणि तीच फिरून मारली तर छातीवर ४, डोक्याला ५. म्हणजे शेवटच्या दहा सेकंदांत चार गुण मागे असलात तरी जिवंत आहात.

डावा पाय पुढं धरून चला. उजव्या खांद्यावरून मागं वळायचं, उजवा गुडघा फिरत वर उचलायचा, डाव्या पायाने उडी, हवेतच डाव्याच पायाने टर्निंग किक, आणि उजव्यावर उतरायचं. वाचायला सोपं आहे. माझी किक जायची छताकडं, नाहीतर टार्गेट सोडून एक हात पलीकडं. बांधावरच्या आंब्याला पोत्यात भाताचं तूस भरून टांगलंय, ते हलकं असतं, चुकून नडगी लागली तरी काही होत नाही. तिथं मारून मारून कंटाळलो, मग फोनवर स्लो मोशन काढून बघितलं. मी आधी उडी मारत होतो आणि हवेत गेल्यावर फिरायला बघत होतो. हवेत गेल्यावर फिरणं वाढवता येत नाही, हात-पाय जवळ घेतले तर असलेलं फिरणं जोरात होतं एवढंच, पण मुळातलं फिरणं जमिनीवरून न्यावं लागतं. म्हणजे परत तेच, खालचा पाय. डावा चवडा जमिनीवर असतानाच अर्धा फेरा झाला पाहिजे, तोंड जवळजवळ मागं वळलेलं असताना उडी.

हे पटायला मला आणखी एका गोष्टीने मदत केली. पॅरा तायक्वांदोच्या मॅच बघत होतो, अरुणा तंवरमुळे, टोकियो पॅरालिंपिकमध्ये भारताकडून तायक्वांदो खेळलेली पहिली खेळाडू ती. या गटातल्या खेळाडूंना हाताचं अपंगत्व असतं, आणि तरी ते फिरून किक मारतात. मी तोपर्यंत हात झोकून अंग फिरवायच्या मागं लागलो होतो. हात मदत करतात हे खरंच, पण फिरणं येतं पायातून, कमरेतून, नजरेतून. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात छातीशी बांधून पन्नास वेळा नुसतं वळून उडी मारली, किक नाहीच. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोर्नेडो पोत्याच्या मधोमध बसली. सर क्लासमध्ये बघून काही बोलले नाहीत, नुसतं पॅडल आणखी एक वीत वर धरलं. मला ते पुरलं.

मग सुगी. भात कापून झाल्यावर आमच्याकडं शिवारात मसूर पेरतात, मी भावाला म्हटलं गंजीजवळचा एक कोपरा या वर्षी मला ठेव. त्याने ठेवला, चार बाय चार मीटर असेल. त्यावर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून फाइव्ह फॉर्टी चालू केली.

टोर्नेडो आणि फाइव्ह फॉर्टीत टेक-ऑफ एकच. डाव्याने उडी, डाव्याने किक. फरक उतरण्यात. टोर्नेडोत उजव्यावर उतरतो, इथं ज्याने उडी मारली, ज्याने किक मारली त्याच डाव्यावर परत उतरायचं, उजवा तोपर्यंत वरच. चिनी वुशूवाले अशीच फिरती उडी तळपायावर टाळी देऊन मारतात, तो आवाज ऐकून कळतं किक बसली की नाही.

पहिली चूक पिंजराचीच झाली. पडलो तर लागू नये म्हणून सगळीकडं जाड पसरलं, आणि उडी मारायला गेलो की पाय आत जायचा, चवडा फिरेना, उडी निम्मी. मग टेक-ऑफची जागा साफ केली, कडक माती, आणि पिंजर फक्त उतरायच्या बाजूला. उडी बरी झाली. तरी दर वेळी दोन्ही पायांवर धप्प. मला वाटायचं एकावरच उतरलो. माझी पुतणी व्हिडिओ काढायला यायची, नऊ वर्षांची, ती ठाम सांगायची, "काका, दुसरा पाय टेकला की." मी म्हणायचो नाही गं. व्हिडिओत पाय पिंजरात बुडलेले, काही कळायचं नाही.

शेवटी तालीम आठवली. पिंजर काढून टाकलं, उतरायची जागा कुदळीने उकरून ढेकळं फोडून भुसभुशीत केली. पहिल्याच उडीला पुतणी बोट दाखवून उभी. दोन ठसे. डाव्याच्या आधी उजवा टेकलेला, खोल. म्हणजे मी फाइव्ह फॉर्टी नाही, उशिरा मारलेली टोर्नेडोच करत होतो.

इथं ज्यांचं अडलंय त्यांनी हे करून बघा. किक काढून टाका. नुसतं वळा, उजवा गुडघा छातीकडं न्या, डाव्याने उडी मारा आणि उजवा गुडघा वरच धरून डाव्यावर उतरा. उजवा पाय खाली यायला बघतोच, त्याला भीती वाटते. मी गुडघा वर असताना दोन्ही हातांनी नडगी धरायचो, पाय पडूच द्यायचा नाही. असे आठवडाभर रोज ३०. मग हात सोडून. मग किक, ती पण पहिल्यांदा कमरेइतकीच. उंचीचा मोह धरला की उजवा पाय लगेच टेकतो. आणि चवड्यावर उतरून गुडघा मुडपा, एका पायावर सगळं वजन येतं, टाचेवर आलात तर घोट्याचं काही खरं नाही. माझा एकदा मुरगळला, दहा दिवस गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, धुकं होतं, राजहंसगड दिसत पण नव्हता. सतरावी की अठरावी उडी असेल. उतरलो, थोडा हललो, पण उभा राहिलो, उजवा पाय अजून वर. पुतणी काही बोलली नाही, ती आधी जमिनीकडं गेली आणि वाकून बघितलं. मी पण बघितलं. डाव्या चवड्याचा एकच ठसा, बाजूला मातीची कड. तिने चप्पल काढून स्वतःचं पाऊल त्याच्यात ठेवून बघितलं.

आजचा हिशोब: उकरलेल्या मातीवर २० पैकी ८ स्वच्छ, क्लासच्या मॅटवर १० पैकी २. मॅटवर ठसे दिसत नाहीत म्हणून तळव्याला खडूची पूड लावून मारतोय, सरांची परवानगी घेऊन, नंतर पुसून देतो. दुसरी बाजू, म्हणजे उजव्याने उडी, अजून शून्य. उजवा चवडा अजिबात फिरत नाहीय, तालमीत जाऊन बघितलं, टाचेचा खड्डा जूनमधल्यासारखाच खोल. फेब्रुवारीत फक्त त्याच्यावर काम.